नंदाची आवड

पाहुणे आले की आमच्याकडे भाकरी लपवली जायची. फडक्यात गुंडाळून परातीखाली, नाहीतर थेट मागे न्हाणीच्या कट्ट्यावर. आणि हे काही सरदारांचं घर नव्हतं हो! नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या. शेजारी मिरचीची फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या. पण माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कळवणकडच्या खेड्यातून येऊन कारखान्यात लेथवर लागले होते, आणि गाव मागे सुटल्याची त्यांच्या लेखी एकच खूण होती: ताटात गव्हाची पोळी. त्यांच्या लहानपणी पोळी सणालाच व्हायची, आणि तीही आधी पुरुषांच्या पानात पडायची. आता पगार सुरू झाल्यापासून दोन्ही वेळा पोळी. जेवायला बसताना तव्याकडे बघून ते समाधानाने म्हणायचे, “आपल्या घरी रोज सण हाय.” आईला मात्र भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. ती बिचारी स्वतःपुरती थापायची आणि दारात कुणाची चप्पल वाजली की झाकून ठेवायची.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू यायचे, तो आमच्या घरातला खरा सोहळा. अण्णा त्यासाठी रजा टाकायचे, मार्केटमध्ये दाणा दाताखाली फोडून बघायचे, व्यापाऱ्याशी मनसोक्त हुज्जत घालायचे. मग गहू गच्चीवर उन्हात पसरायचे आणि आम्ही दोघी बहिणी त्यांना एरंडेल चोळायला बसायचो. हाताचा वास कितीही साबण लावला तरी जायचा नाही. कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरली की अण्णा तिच्यावर थाप मारायचे, गाभण म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. दिवस कारखान्यांच्या भोंग्यांवर चालायचा, आणि दोन भोंग्यांच्या मध्ये गल्लीतल्या चक्कीचा पट्टा फटफट वाजत राहायचा. दळण घेऊन मी जायचे. गरम पिठाचा डबा पोटाशी धरून घरी यायचं, याचं मला फार सुख वाटायचं. आज प्रयोगशाळेत गव्हाच्या पिठाचा डबा उघडला की मला तोच वास येतो आणि तोंड कडू होतं.

नव्या गव्हातले थोडे आई भिजत घालायची. कुरडयांसाठी, आणि सत्त्वासाठी. भिजून आंबूस वास सुटलेले गहू वाटायचे, फडक्यातून पिळायचे, चोथा गाईला घालायचा आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवून बरणीत भरायचा. अशक्त माणसाला, बाळंतिणीला, न वाढणाऱ्या पोराला द्यायचं म्हणजे गव्हाचं सत्त्व, हे आमच्याकडे देवाच्या नावासारखं पक्कं. कुरडया सगळ्यांच्या, पण सत्त्वाची बरणी फक्त नंदाची. नंदा माझी धाकटी बहीण. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, केस नारळाच्या शेंडीसारखे राठ. सतत पोट बिघडलेलं. शाळेच्या प्रार्थनेत उंचीप्रमाणे उभं करायचे, तर नंदा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुढे, आणि दरवर्षी मागच्या मुली बदलत जायच्या. शेजारणी आईला तोंडावर विचारायच्या, “अहो, हिला खायला घालता की नाही?” आई त्या दिवशी सत्त्वाच्या खिरीत तूप जास्त घालायची.

अण्णा कँटीनमधला पाव स्वतः न खाता डब्यात घालून आणायचे, नंदासाठी. चहाबरोबर टोस्ट, नंदाला. पोळीचा पहिला, पापुद्रा सुटलेला, तुपाचा तुकडा, नंदाला. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू! आता कळतं की आमच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून, अगदी मायेने, वाटीचमच्याने त्या पोरीला विष घातलं. शास्त्र जाणणारे म्हणतील, सत्त्वात नुसता स्टार्च असतो, बाधणारं प्रथिन चोथ्याबरोबर जातं. सगळं जात नाही. मी पुढे ते तपासून बघितलंय. थोडं उरतं, आणि उरतं ते पुरतं.

डॉक्टर तरी किती झाले म्हणता! एकाने जंत सांगितले आणि दर थोड्या दिवसांनी जंताचं औषध पाजलं. दुसरा म्हणाला, लिव्हर नाजूक आहे. तिसऱ्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटाचा टीबी ठरवला, आणि टीबीच्या गोळ्यांनी तिचे उरलेसुरले केस गेले. कुणी म्हणालं, शहराचं पाणी वाईट. अण्णांनी हप्त्याने फिल्टर घेतला आणि त्यातलं पाणी आई वर पुन्हा उकळायला लागली. अण्णांची थोरली बहीण, आम्ही तिला अक्काआत्या म्हणायचो, ती गावाहून यायची आणि मीठमोहऱ्या ओवाळायची. “पोरीला नजर हाय कुनाची तरी, लय वाईट नजर,” ती म्हणायची आणि देवीला नवस बोलायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि हे सगळे उपचार करून दमलेली नंदा संध्याकाळी खिरीची वाटी घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि मला विचारायची, “ताई, मी अजून वाढेन ना ग?”

मे महिन्यात आम्ही मामाकडे जायचो. मामाचं गाव कळवणच्याही पुढे, सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात. तिथे गहू नव्हताच. मामी काही वैद्य नव्हती की शहाणी नव्हती. तिच्या शेतात नागली, वरई आणि भात व्हायचा, म्हणून ती तेच रांधायची, एवढंच. नागलीची काळपट भाकरी, उडदाची आमटी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. पहिल्या दिवशी नंदा तोंड वाकडं करायची. पण सुट्टी संपेपर्यंत तिचं पोट खाली गेलेलं असायचं, ती पोरांबरोबर करवंदं काढायला डोंगर चढायची, आणि इतक्या जोरात हसायची की मामी म्हणायची, “अगं नंदे, छप्पर उडंल माझं.” अण्णा आम्हाला न्यायला आले की तिला बघून त्यांचे डोळे भरून यायचे. “गावची हवा मानवते पोरीला,” ते म्हणायचे. मग आम्ही हवा मागे ठेवून सातपूरला परत, आणि पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला नंदा पुन्हा चक्कर येऊन पडलेली. दरवर्षी हेच. कुणाच्या, अगदी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हवेपेक्षा ताट वेगळं होतं. येणार कसं? गरिबाचं अन्न औषध असू शकतं, हे ज्यांनी त्या गरिबीतून मान सोडवून घेतली आहे त्यांना सुचत नाही.

नंदा दहावीत असताना तिचं रक्त इतकं कमी झालं की नाशिकच्या डॉक्टरने हात वर केले आणि आम्ही मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे एक उंच, चष्मा लावलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिच्या तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि काही दिवसांनी आम्हा चौघांना समोर बसवून मराठीत समजावलं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती अन्न शोषून घेते. नंदाच्या शरीराची राखण करणारी यंत्रणा गव्हाला शत्रू समजते, आणि त्या झटापटीत ही लव झडून गेलीय. अण्णा ऐकत राहिले आणि म्हणाले, “बाई, माफ करा, पन गव्हानं कोन आजारी पडतं? गहू तर आजाऱ्याला देत्यात.” बाई म्हणाल्या, “तेच झालंय तुमच्याकडे.” गहू आयुष्यभर बंद, त्या म्हणाल्या. पोळी, पाव, रवा, मैदा, बिस्किट, काही नाही. एक कणसुद्धा नाही. आई बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. “बरणी संपली की मी लगेच दुसरी करायचे ग,” ती मला म्हणत होती. आईने त्यानंतर मरेपर्यंत गव्हाचा घास तोंडात घातला नाही.

आणि मग नंदा वाढली! आमच्या डोळ्यांदेखत, पावसाळ्यातल्या काकडीच्या वेलासारखी. उशिरा का होईना न्हाती झाली, गाल वर आले, केसांची वेणी घालता येऊ लागली. अण्णांनी कोठीतले गहू विकून टाकले आणि रिकाम्या कोठीत मामाकडची नागली भरली. ज्या घरात भाकरी लपत होती तिथे ती राजरोस थापली जाऊ लागली, म्हणजे आमच्या चौघांत. पाहुण्यांसाठी शेजारून चार पोळ्या यायच्याच. आजार म्हणून शब्द काढायचा नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद होती. मी तेव्हा गंगापूर रोडवरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. हे असं कसं होतं, एवढ्या एका प्रश्नापायी पुढे पुण्याला गेले. माझ्या मार्गदर्शकांनी विषय ऐकून हात झटकले होते. “हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्या देशात जंत आहेत, आमांश आहे, त्यावर काम करा.” मी म्हटलं, सर, माझी बहीण काळीसावळी आहे. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आता मूळ गोष्टीवर येते, जी मला आजही नीट गिळता येत नाही. नंदा बावीस-तेवीसची झाली आणि तिला स्थळ आलं. माणसं चांगली: गंगापूर रोडला बंगला, शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान, मुलगा सुनील एकुलता एक, निर्व्यसनी. मी शिकत होते आणि लग्नाचं नाव काढू देत नव्हते, त्यामुळे ‘थोरली बसलीय’ हा बोल आधीच घरावर होता. बैठकीच्या आदल्या दिवशी अक्काआत्या आली. मी म्हटलं, आधी त्यांना सगळं स्पष्ट सांगा, साधं पथ्य आहे, पाळलं की पोरगी ठणठणीत. आत्या उसळलीच. “शोभे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आतड्याचा रोग हाय म्हनून सांगू? उद्या कोन उंबरा चढंल? झाकली मूठ सव्वा लाखाची.” आई म्हणाली, “पण पोळी खायला लागली तर?” तेव्हा अण्णांनी तोडगा काढला. आयुष्यभर तुटलेले नटबोल्ट जुळवणारा माणूस. त्यांना वाटलं, हेही जुळेल. ते म्हणाले, “आजार म्हटलं की पोरगी घरात बसली. आवडत नाय म्हटलं की मिटलं. तिला पोळी आवडत नाय, भाकरीच आवडते, एवढंच सांगायचं. खोटं तर नाय ना?” मी ओरडले, भांडले, ताट सरकवून उठले. नंदा दाराशी उभी होती. तिने मला खूण केली, जाऊ दे. तिला सुनील आवडला होता.

बैठकीत अण्णांनी ते हसत हसत सांगितलं. नंदाच्या होणाऱ्या सासूबाईही हसल्या. “असू द्या की! आवडीनिवडीचं काय, चार दिवसांत बदलतात. मलाही लग्नाआधी कारलं आवडत नव्हतं.” सगळे हसले. त्या खोलीत काय घडलं ते मला त्याच क्षणी कळलं. आजाराला माणूस जपतो, आवड मोडून काढतो. आमच्याकडे तर सुनेची आवड मोडणं म्हणजे संस्कार! अण्णांनी पोरीच्या जिवाला जपण्याऐवजी तिच्या जिभेला दोष लावून दिला होता.

रुखवतात आईने नागलीचे लाडू ठेवले, नागलीचे पापड, तांदळाच्या चकल्या, शेंगदाण्याची चिक्की. करंजी नाही, शंकरपाळे नाहीत. वऱ्हाडातल्या बायका लाडू हातात घेऊन एकमेकींना दाखवत होत्या. “काय ग बाई, डोंगरातून आणला का रुखवत?” आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नंदाच्या पेटीत नागलीच्या पिठाची पिशवी साड्यांच्या खाली सरकवली.

लग्नानंतर सासरी सत्यनारायणाची पूजा होती, आम्ही सगळे गेलो. बंगल्याचा दिवाणखाना माणसांनी भरलेला, उदबत्तीचा धूर, केळीचे खांब, आणि तुपात भाजलेल्या रव्याचा घमघमाट. हो, रव्याचा. प्रसाद म्हणजे सव्वा मापाचा शिरा, भरपूर तूप, केळी, वर तुळशीचं पान; तो तर सगळ्या महाराष्ट्राचा प्रसाद. एवढं पथ्य सांभाळणाऱ्या आमच्या घरात कुणाला याची आठवण झाली नव्हती, कारण पथ्य ताटाचं असतं आणि प्रसाद कुणी ताटात धरतच नाही. कथा संपली. सासूबाईंनी नव्या सुनेच्या तळहातावर मोठी मूद ठेवली. नंदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. मी म्हटलं, “तिला थोडं—” आणि अण्णांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. सासूबाई म्हणाल्या, “अग, घे ना. प्रसादाला नाही म्हणू नये.” कुणीतरी मागून म्हणालं, “आवडत नाही म्हणे तिला गव्हाचं.” एक हशा पिकला. आत्या घाईघाईने पुढे झाली आणि म्हणाली, “घेते की! देवाचा परसाद कधी बाधत नाय. आन चिमूटभरानं काय होतंय?”

नंदाने खाल्ला. सगळा. बोटंसुद्धा चाटली. अण्णा जाजमाच्या नक्षीकडे बघत होते.

आणि त्यानंतर काय झालं, तर काहीच नाही. हेच तर वाईट झालं! तिथल्या तिथे उलटी झाली असती, भोवळ आली असती, तर बरं झालं असतं. सगळं उघडं पडलं असतं आणि आज नंदा असती. पण इतकी वर्षं पथ्य पाळून तिचं आतडं भरून आलं होतं. सगळ्यांनी पाहिलं, सुनेने शिरा खाल्ला आणि ती ठणठणीत. “बघ, काही झालं का?” आत्या परतीच्या रिक्षात मला म्हणाली. त्या वाक्याला उत्तर शोधण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. चिमूटभराने काय होतं? लोक म्हणतात, मॅडमनी पचनाच्या आजारांवर आणि प्रतिकारशक्तीवर फार मोठं काम केलं. काम एवढंच: गव्हाचा किती छोटा कण आतड्यातल्या राखणदार पेशींना जागं करतो, आणि एकदा जाग्या झाल्यावर त्या किती काळ झोपत नाहीत. एका चिमटीने माणूस पडत नाही. पण रोजच्या चिमटीने आतली लव गुपचूप झडत राहते आणि वर चेहरा हसत असतो. गेल्या वर्षी नाशिककरांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि नंतर अल्पोपाहाराला रव्याचा शिरा! मी बशी हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

शिक्षण संपवून मी दिल्लीला प्रयोगशाळेत रुजू झाले. फोनवर नंदा सांगायची, “खातेय ग भाकरी. ह्यांना सांगितलंय मी सगळं. मम्मींनाही सांगितलंय.” सासूला ती मम्मी म्हणायची. मी विचारायचे, वजन किती? “छान आहे.” रक्त तपासायला दे म्हटलं की, “पुढच्या खेपेला देते.” दिवाळीला भेटायची तर गालांना पावडर, साडी चापूनचोपून. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत, तेही मला उशिरा कळलं. मी कुठल्या कुठल्या गावातल्या अनोळखी माणसांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून मागवत होते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं रक्त मला मिळत नव्हतं. एकदा मला संशय आला आणि मी म्हटलं, थांब, मीच सुनीलरावांशी बोलते. तर ती इतकी रडली. “तुला माझी शपथ आहे ताई. सगळं नीट चाललंय. उगाच काहीतरी शास्त्र सांगून माझ्या संसारात खडा टाकू नकोस.” मी विश्वास ठेवला. नंदा आयुष्यात खोटं बोलली नव्हती, त्यामुळे ती बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

आईचा फोन आला तेव्हा सगळं हाताबाहेर गेलं होतं. आतड्यात गाठ होती. लव वर्षानुवर्षं जळत राहिली की कधीतरी अशी गाठ होते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. रुग्णालयात तिच्या पलंगाशी बसले, आणि ती दहावीपूर्वीची नंदा पुन्हा समोर होती: काड्यांसारखे हात, फुगलेलं पोट. मी रागाने विचारलं, “का खाल्लंस? का नाही सांगितलंस त्यांना?” ती हळूच म्हणाली, “पहिल्यांदा अण्णांसाठी. सांगितलं असतं तर फसवून दिली म्हणाले असते. अण्णांचा शब्द खोटा पडला असता.” मग छताकडे बघत, “आणि ताई, रागावू नकोस. नंतर मला खरंच आवडायला लागली ग पोळी. लहानपणी खायचे तेव्हा पोट दुखायचं, चव कुठे कळायची? मम्मी गरम गरम वाढायच्या. तूप सोडून. फार छान लागायची.” त्या रुग्णालयातून ती घरी आली नाही.

दहाव्याचे विधी रामकुंडावर होते. नाशिकची माणसं त्याला नुसतं ‘गंगेवर’ म्हणतात. सुनील मुंडण करून ओल्या धोतरात बसला होता, अगदी पोरका दिसत होता. भाताचे पिंड मांडले, आणि शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात तसं सगळ्यांनी काही काही ठेवलं. सासूबाईंनी तुपात भिजलेल्या पोळ्या आणल्या होत्या. आईने कापडातून नागलीची भाकरी काढली आणि त्यांच्या पलीकडे ठेवली. आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. माझा कावळ्यावर विश्वास नाही. राखणदार पेशींवर आहे. तरी मी त्या भाकरीकडे टक लावून बघत होते. निदान आता तरी, मरून तरी, हिने खरं सांगावं असं मला वाटत होतं. कावळा आला. पिंडाभोवती फिरला, मान तिरकी केली, भाकरीवरून उडी मारून पलीकडे गेला, आणि पोळीचा तुकडा उचलला.

सासूबाई हुंदका देऊन म्हणाल्या, “बघा! माझ्या नंदाला आवडायचीच पोळी.”

तेव्हा अण्णा बोलले. त्या लग्नापासून ज्या माणसाने गव्हाचा ग काढला नव्हता, तो सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. “आवडीचं नव्हतं ते. तिला आजार होता. गहू बाधत होता तिला, पहिल्यापासून. मीच म्हटलं, सांगू नका.” बैल गेला आणि झोपा केला. गुरुजी थांबले. सुनील वळून बघत राहिला.

सासूबाई ओल्या पायरीवरून अण्णांच्या समोर आल्या. मला वाटलं, आता या थोबाडीत मारणार. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना ते समजतच नव्हतं.

“मग सांगायचं ना हो आम्हाला,” त्या म्हणाल्या. “आम्ही काय वाघ होतो? अहो, मी दिंडोरीकडच्या खेड्यातली. उभा जन्म भाकऱ्या थापल्यात मी. पोळीचं तर मला इथे येऊन शिकावं लागलं. थापली असती की दोन तिच्यापुरती.”